हिच्या गुडघ्याचं वेळापत्रक

माझ्या हातून आजवर एकही बस उशिरा सुटलेली नाही, हे आधीच सांगून ठेवतो. कागदावर तरी नाही. रस्त्यावर त्या उशिरा सुटतात, वाटेत रेंगाळतात, कधी जोडीजोडीने येतात. पण तो चालकांचा, वाहतुकीचा आणि एकंदर मनुष्यस्वभावाचा प्रश्न आहे. मी आगारात वेळापत्रक करतो. माझं काम चौकटीत सुरू होतं आणि चौकटीत संपतं, आणि त्या चौकटीत माझ्या गाड्या इतक्या शिस्तीत धावतात की पाहणाऱ्याने पाहतच राहावं. पाहणारा मी एकटाच असतो, ही गोष्ट वेगळी.

अशा माणसावर डीजे व्हायची पाळी येते तेव्हा त्यात त्याचा स्वतःचा दोष फारसा नसतो. माझ्या बाबतीत तर तो सर्वस्वी आमच्या हिच्या गुडघ्याचा होता.

आमची ही इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त काढायची. उभ्याने. सकाळी खिडकी उघडली की दुपारपर्यंत एकामागून एक दंड समोर येत राहायचे, आणि हिचं ठरलेलं वाक्य असायचं, "जरा मूठ आवळा." सुई बाहेर आली की दुसरं वाक्य, "मूठ सोडा आता. झालं." या दोन वाक्यांवर हिने अख्खी नोकरी काढली. शहरातल्या निम्म्या लोकांनी हिच्यापुढे मूठ आवळलेली आहे, त्यामुळे बाजारात हिला कुणी भाव वाढवून सांगत नाही. पण एवढं उभं राहून उजवा गुडघा कामातून गेला. निवृत्तीची तारीख आली आणि पाठोपाठ शस्त्रक्रियेचीही आली.

निरोप समारंभाचं विचारायला इस्पितळातल्या बायका घरी आल्या तेव्हा हिने त्यांना सरळ सांगितलं, "भाषणं नकोत. मला नाचायचंय."

बायका माझ्याकडे बघायला लागल्या. जणू मीच काहीतरी केलं होतं.

"अगं, तुझा गुडघा," मी म्हणालो.

"त्याच्यासाठीच. नवा गुडघा नाचेल की नाही ते डॉक्टर छातीठोकपणे सांगत नाहीत. जुना अजून थोडा शिल्लक आहे. तो मला वापरून संपवायचाय."

मेहुणा म्हणाला, आपण भाड्याने डीजे आणू. हिचा हा धाकटा भाऊ समारंभांना दिव्यांच्या माळा पुरवतो, त्यामुळे समारंभातली प्रत्येक गोष्ट आपल्याला कळते असं त्याचं प्रामाणिक मत आहे. पण हिने मान हलवली. "भाड्याच्या माणसाला माझा गुडघा कसा कळणार? अहो, तुम्हीच करा. तुम्हाला वेळा जुळवता येतात."

लग्नानंतर इतक्या वर्षांनी बायकोने नवऱ्याच्या कामाचं कौतुक केलं, की नवरा पुढचं ऐकत नाही. मी हो म्हणून मोकळा झालो.

मग आमच्या बाहेरच्या खोलीत चाचण्या सुरू झाल्या. मी संगणकावर गाणं लावायचो, ही नाचायची, मी गुडघ्याचं निरीक्षण करायचो. त्यातून एक शोध लागला. गुडघा दुखतोय हे ही तोंडाने कधीच कबूल करत नाही, पण दुखायला लागला की हिचा डावा हात आपोआप मागे जातो आणि खुर्चीची पाठ चाचपतो. चेहरा हसराच असतो. हात खुर्ची शोधत असतो. हात मागे गेला की मी कागदावर वेळेची खूण करायचो. असं करता करता हिशेब बसला. दोन जलद गाणी, मग एक संथ. संथ गाण्यात हिने जागच्या जागी डोलायचं, गुडघ्याने दम खायचा, आणि मग परत जलद. त्या हिशेबाने मी मिक्स बांधला. मिक्स म्हणजे एक गाणं संपायच्या आतच दुसरं त्याच्यात मिसळतं, मध्ये खंड पडत नाही. प्रवाशाने एका बसमधून थेट दुसऱ्या बसमध्ये पाऊल टाकावं आणि त्याला रस्ता लागूच नये, हे माझं नोकरीतलं जुनं स्वप्न होतं. आगारात नाही जमलं, गाण्यात जमलं. पूर्ण मिक्स ऐकून मी स्वतःशीच हसलो. आता फक्त त्या दिवशी एक कळ दाबायची होती आणि बायकोचा नाच बघत बसायचं होतं.

इथे सभागृहाच्या व्यवस्थापकांचा प्रवेश होतो.

इस्पितळाच्या कर्मचारी संघाचं स्वतःचं सभागृह आहे आणि त्याला स्वतःचे नियम आहेत. व्यवस्थापक काडीसारखे बारीक, खिशाला तीन पेनं, आणि बोलताना नियम समोर हवेत टांगलेला आहे असं समजून वाचणारे.

"ध्वनिमुद्रित संगीत चालणार नाही," ते म्हणाले.

"का?"

"पूर्वी एकाने लावलं आणि तो घरी निघून गेला. आम्ही कुलूप घातलं. आत वाजतंय. सोमवारपर्यंत वाजतंय. शेजारच्या बाळंतिणींच्या वॉर्डातून तक्रारी आल्या. तेव्हापासून नियम आहे. मुद्रित नाही. जिवंत कार्यक्रम चालेल. कलावंत संगीत संपेपर्यंत वाद्याजवळ हजर पाहिजे."

"मी हजर राहीन की. मिक्स लावून बाजूला बसतो."

"बसणं म्हणजे वाजवणं नव्हे," व्यवस्थापक म्हणाले. "तुम्ही हात काढलेत तर संगीत थांबलं पाहिजे. तरच ते जिवंत. आधी प्रात्यक्षिक दाखवा, मग परवानगी. वाद्य कोणतं लिहू?"

"संगणक."

त्यांनी वाद्यांची यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. संगणक त्यात नव्हता. शेवटी बराच विचार करून त्यांनी मला 'फुंकायची व इतर' या सदरात घातलं.

मेहुण्याला हे सांगितलं तर तो खूश झाला. त्याला संकटं आवडतात, दुसऱ्यावर आलेली. "सोपं आहे, भावजी. लाइव्ह वाजवायचं वेगळं सॉफ्टवेअर असतं. त्यात गाण्यांचे तुकडे चौकटीत ठेवायचे. कळ दाबली की तुकडा वाजतो, नाही दाबली तर नाही वाजत. तुमचा तयार मिक्स उचलायचा आणि त्यात टाकायचा. टाकलं की झालं."

"टाकलं की झालं" हे शब्द मेहुण्याच्या तोंडून पूर्वीही मी ऐकले आहेत. आमच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या वेळी. पण तो विषय वेगळा.

सॉफ्टवेअर उघडलं आणि खरं सांगतो, माझा ऊर भरून आला. पडद्यावर रकाने होते, ओळी होत्या, आणि चौकोनच चौकोन रिकामे. वर वेळ मोजणारा काटा. ते वेळापत्रकच होतं. जगात कुठेतरी कुणीतरी संगीतवाला बसून माझ्यासारखाच विचार करतो आहे, या कल्पनेने मला फार बरं वाटलं. मी माझा मिक्स उचलला आणि पहिल्या चौकोनात टाकला.

आता या सॉफ्टवेअरचा एक स्वभाव आहे. त्याला सगळं एका चालीत लागतं. जे येईल त्याला ते आपल्या चालीवर आणतं, लहानाला ओढून आणि मोठ्याला दाबून. माझी जलद गाणी त्याने किंचित सैल केली, ते एक वेळ चाललं असतं. पण संथ गाणं आलं आणि त्यालाही त्याने तीच चाल दिली. ती बिचारी गायिका, जी आयुष्यभर सावकाश गात आली होती, ती सुटणाऱ्या बसमागे पिशव्या घेऊन धावावं तशी गाऊ लागली. ही स्वयंपाकघरातून बाहेर आली, दोन क्षण ऐकलं आणि गुडघा धरून खुर्चीवर बसली.

"हे विश्रांतीचं गाणं?" हिने विचारलं.

"तात्पुरती अडचण आहे."

"मला ऐकूनच दुखायला लागलं."

मग मिक्स कापून गाणी सुटी करावी असं ठरलं. प्रत्येक गाण्याचा तुकडा वेगळ्या चौकोनात, आणि संथ गाण्याला त्याची स्वतःची चाल. कापायला बसलो आणि लक्षात आलं की जी गोष्ट मी एवढ्या कौशल्याने केली होती तीच आता मुळावर आली आहे. गाणी मी एकमेकांत मिसळून टाकली होती. त्यामुळे कुठलाही तुकडा कापला तरी त्याच्या सुरुवातीला आधीच्या गाण्याचं शेपूट आणि शेवटी पुढच्या गाण्याचं डोकं यायचं. संथ गाण्याच्या तोंडाशी कुणीतरी "हे, हे" करून ओरडायचा आणि नाहीसा व्हायचा. चहात विरघळलेली साखर परत चमच्याने काढायचा तो प्रकार होता. दोन संध्याकाळी घालवल्या आणि हात टेकले. मिक्स बाजूला ठेवायचा, मूळ गाणी पुन्हा घ्यायची, आणि सगळं परत पहिल्यापासून.

याच सुमारास खालचे ऑडिटर वर आले. हे आमच्या खालच्या मजल्यावर राहतात, निवृत्त आहेत, आणि बूट काढून, ते एका रेषेत लावून मगच आत येतात. त्यांना बघून मी आवाज कमी केला.

"आवाजाचं काही नाही हो," ते म्हणाले. "मला एक सांगा, हे गाणं पुढे जात का नाही?"

"कुठलं?"

"ते संथ. रोज संध्याकाळी तुम्ही ते सुरू करता. बाई गायला लागते, पहिलं कडवं होतं, दुसऱ्याच्या दाराशी येते, आणि तुम्ही थांबवता. परत पहिल्यापासून. परत दारातून माघारी. मी वर्तमानपत्र घेऊन बसलेला असतो. मला वाचवत नाही. पुढे काय होतं त्या बाईचं?"

मी त्यांना सगळा प्रकार समजावून सांगितला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि पडद्याकडे बघत म्हणाले, "प्रत्येक चौकोनाला नाव द्या. रंग द्या. नाव नसलेली नोंद म्हणजे उद्याचा घोटाळा." सल्ला चांगला होता. मी जलद गाण्यांना तांबडा रंग दिला आणि नावं दिली 'जलद एक', 'जलद दोन', असं पुढे. मधल्यांना 'मर्यादित थांबे'. आणि त्या संथ गाण्याला 'सर्व थांबे'. ऑडिटरांना ते फार पसंत पडलं. मात्र जाताना बुटात पाय घालता घालता त्यांनी पुन्हा विचारलं, "पण दुसरं कडवं आहे ना त्यात?"

आता जी चूक सांगणार आहे ती माझी एकट्याची. मेहुण्याला तिच्यात ओढता आलं असतं तर मी सोडलं नसतं.

'सर्व थांबे' हे गाणं जुनं. ते वाजवलं आहे माणसांनी, हातांनी. सॉफ्टवेअरमध्ये गाण्याचा ठोका न ठोका दिसतो, आणि शेजारी आखलेल्या रेघाही दिसतात, जिथे तो ठोका पडायला हवा होता. मी ते मोठं करून पाहिलं आणि अस्वस्थ झालो. एकही ठोका रेघेवर नव्हता. हा जरा आधी, तो जरा मागे, तिसरा तर रमतगमत आलेला. वर्षानुवर्षं माझं वेळापत्रक ज्यांनी धुळीला मिळवलं तेच लोक इथे वाद्यं घेऊन बसले होते. रस्त्यावर मी त्यांचं काही करू शकत नव्हतो. इथे करू शकत होतो. प्रत्येक ठोका चिमटीत धरून मी रेघेवर आणून बसवू लागलो. एक झाला की दुसरा. आगारातून आलो की हेच. जेवायला बोलावलं तरी "एवढा एक ठोका" म्हणून मी बसून राहायचो. अख्खं गाणं सरळ केलं तेव्हा मला जे समाधान वाटलं ते सांगून कळायचं नाही. पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या वेळापत्रकाप्रमाणे चाललं होतं.

हिला बोलावलं. लावलं. ही डोलायला उभी राहिली, आणि तशीच उभी राहिली.

"काय झालं?"

"काही नाही. ऐकतेय." हिने संगणकाकडे कान नेला. "अहो, यांना बरं नाहीये का?"

"कोणाला?"

"वाजवणाऱ्यांना. कसे कवायतीला उभे राहिल्यासारखे वाजवतायत."

मी हिला पडद्यावर दाखवलं. आधी कसे होते, आता कसे आहेत. एकही उशिरा नाही.

ही हसली. हिने माझ्या डोक्यावर हात ठेवला, तो रक्त काढताना घाबरणाऱ्या माणसाच्या डोक्यावर ठेवते तसा. "ते उशिरा येतात म्हणून तर मला डोलता येतं. ते येईपर्यंत मी वाट बघते ना. आता वाट बघायला जागाच ठेवली नाहीत तुम्ही."

मला राग आला. कलेसाठी एवढं राबल्यावर येणारच. चहा प्यायलो, खिडकीतून खाली बघितलं, येणाऱ्याजाणाऱ्या बसेस बघितल्या, त्यातली एकही वेळेवर नव्हती. मग आत येऊन सगळे ठोके मी एकेक करून परत त्यांच्या जागी सोडून दिले. गाणं सुटल्यावर हिचा खांदा आपोआप हलला. मला तो दिसला.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी मेहुण्याने कुणाकडून तरी मागून संगणकाला जोडायची एक पाटी आणली. तिच्यावर पेटणारे चौकोन होते. पडद्यावरचा चौकोन आता बोटाने दाबता येणार होता. व्यवस्थापक पहिल्या रांगेत बसले. मी ऐटीत 'जलद एक' दाबलं. काही झालं नाही. परत दाबलं. तेव्हा कुठे वाजलं.

"दाबल्यावर लगेच का नाही वाजलं?" व्यवस्थापकांनी नेमकं विचारलं.

"ते पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या ठोक्यावर सुटतं," मेहुणा म्हणाला. "आपण कधीही दाबा, तुकडा आपली वेळ आली की निघतो."

माझ्या अंगावरून मोरपीस फिरलं. प्रवासी चढला म्हणून बस सुटत नाही. वेळ झाली की सुटते. हे मी चालकांना घसा फोडून सांगत आलो आहे, आणि आज एका यंत्राने तेच मला सांगितलं आणि मी त्यालाच बडवत होतो.

"आता हात वर करा," व्यवस्थापक म्हणाले.

मी दोन्ही हात वर केले. दरोडेखोरासमोर उभं राहावं तसा मी उभा, आणि 'जलद एक' वाजतंच आहे, कारण मी त्याला फिरून फिरून वाजायला लावलं होतं. व्यवस्थापकांनी मान हलवली. "हात काढला तरी वाजतंय. मुद्रित."

तिथल्या तिथे बसून एकेका गाण्याचं फिरणं बंद केलं. दुसरं प्रात्यक्षिक झालं. मी हात वर केले, गाणं संपलं, सभागृहात शांतता पसरली. व्यवस्थापकांच्या चेहऱ्यावर संगीत आवडल्याची पहिली खूण तेव्हा दिसली. 'जिवंत' असा शिक्का पडला. फक्त 'सर्व थांबे'चं फिरणं मी बंद केलं नाही. म्हणजे ते लपवलं, असंच म्हणा. गुडघ्याला दम खायला किती वेळ लागेल ते आधी कसं सांगणार? ते गाणं पहिल्या कडव्याच्या शेवटाशी येऊन मागे वळत राहील, आणि हिने खूण केली की मी जलद लावीन, असा माझा बेत होता.

समारंभाच्या दिवशी मला सभागृहाच्या मंचावर बसवलं. माझ्या मागे मेहुण्याने माझ्या नकळत दिव्यांची पाटी लावली होती. 'डीजे भावजी'. ती उघडझाप करत होती. समोर इस्पितळातल्या बायका, डॉक्टर, वॉर्डातली मंडळी, माझ्या आगारातले दोन चालक, जे वेळेवर आले होते आणि ते मला मुद्दाम सांगायला आले. खालचे ऑडिटर इस्त्रीच्या शर्टात कोपऱ्यात. आणि दाराशी व्यवस्थापक, माझ्या हातांवर नजर ठेवून.

ही निळी साडी नेसून मधोमध उभी राहिली. मी 'जलद एक' दाबलं, एकदाच, आणि वेळ यायची वाट बघितली. वेळ आली. गाणं सुटलं. ही नाचायला लागली.

खरं सांगू? बाहेरच्या खोलीत, खुर्चीच्या आधाराने नाचणारी बाई ती नव्हतीच. हिने डॉक्टरांना ओढलं, झाडूवाल्या बाईंचे दोन्ही हात धरून गिरक्या घेतल्या, पदर खोचला. एकदा 'जलद', दुसऱ्यांदा 'जलद', आणि ठरल्याप्रमाणे मी 'सर्व थांबे' दाबलं. सगळे डोलायला लागले. ही मंचाकडे आली.

"हे काय मध्येच?"

"वेळ झाली," मी म्हणालो.

"कुणाची? गुडघा आत्ता कुठे गरम झालाय."

झालं. वेळापत्रक कोलमडलं. मी 'जलद तीन' लावलं. तिथून पुढे क्रम राहिला नाही. ही हात वर करायची, मी जलद लावायचो. बायका ओरडायच्या, मी तेच परत लावायचो. 'मर्यादित थांबे' मी दोनदा वाजवलं आणि एकदा चुकून मध्येच तोडलं, ते लोकांना मुद्दाम केल्यासारखं वाटलं आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. मलाही गंमत वाटायला लागली होती. चौकोन पेटत होते, मी दाबत होतो, आणि जे व्हायला हवं होतं ते कुठल्या कागदावर लिहिलेलं नव्हतं.

'जलद पाच' ऐन रंगात होतं. सगळं सभागृह उड्या मारत होतं. ही हसत होती. आणि मला दिसलं, हिचा डावा हात मागे गेला.

तिथे खुर्ची नव्हती. हाताने हवा चाचपली. चेहरा तसाच हसरा. आजूबाजूला एवढे डॉक्टर, एकाच्याही लक्षात आलं नाही. माझा तो बांधलेला, चकचकीत मिक्स लावला असता तर हे गाणं अजून बरंच चाललं असतं, पाठोपाठ दुसरं जलद आलं असतं, आणि मी बाजूला बसून बघत राहिलो असतो. मी 'सर्व थांबे' दाबलं. ते सुटेना. यंत्र आपल्या वेळेची वाट बघत होतं. यंत्रावर, वेळेवर आणि जगातल्या सगळ्या वेळापत्रकांवर मी त्या क्षणी मनापासून चिडलो, आणि दाबतच राहिलो, दाबतच राहिलो.

मग ते सुटलं. ती बाई सावकाश गायला लागली. वाजवणारे उशिरा आले, नेहमीसारखे. ही थांबली, डोलायला लागली, आणि मान वर करून हिने माझ्याकडे बघितलं. हात परत पुढे आला.

"अहो," ही खालून म्हणाली, "उतरा खाली."

मी दाराकडे बोट केलं. "मला इथेच बसायला लागतं. नियम आहे."

"मला काहीतरी धरायला हवंय."

सगळे व्यवस्थापकांकडे बघायला लागले. व्यवस्थापकांनी हवेत टांगलेला नियम मनातल्या मनात एकदा वाचला. मग ते दारापासून निघाले, मंचावर चढले आणि माझ्या खुर्चीशी येऊन उभे राहिले.

"उठा," ते म्हणाले. "कलावंत वाद्याजवळ हजर पाहिजे, एवढंच लिहिलंय. कोणता कलावंत, ते लिहिलेलं नाही."

"तुम्हाला येतं हे?"

"नाही. पण दरवर्षी माझं रक्त ताईंनी काढलंय. कधी दुखलं नाही." ते खुर्चीत बसले, पाठ ताठ केली आणि दोन्ही हात चौकोनांच्या पाटीच्या दोन बाजूंना, कुठेही न लागतील असे ठेवले. डोक्यामागे 'डीजे भावजी' उघडझाप करत होतं.

मी खाली उतरलो. नाचता येत नाही मला. मी हिच्यासमोर उभा राहिलो आणि हिने आपला सगळा भार माझ्यावर टाकला. हिचा डावा हात माझ्या हातात होता. आम्ही फक्त डोलत होतो, तेही ठोक्यावर नाही. गाणं पहिल्या कडव्याच्या शेवटाशी आलं आणि मागे वळलं. परत पहिल्यापासून. व्यवस्थापकांनी चमकून यंत्राकडे बघितलं, मग आपल्या हातांकडे बघितलं, आणि ते होते तिथेच ठेवले.

"संपलं नाही का हे?" हिने माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवून विचारलं.

"कुणी थांबवेपर्यंत संपत नाही."

"बरंय."

"दुखतंय?"

"खूप," ही म्हणाली. "पण वापरून झाला." मग हिला हसू आलं. "अहो, माझी बोटं मोडाल. मूठ सोडा आता. झालं."

हे वाक्य शहरातल्या निम्म्या लोकांना हिने सांगितलंय आणि प्रत्येकाने ऐकलंय. मी काही मूठ सोडली नाही. ती बाई पुन्हा दुसऱ्या कडव्याच्या दाराशी आली, माघारी वळली, आणि कोपऱ्यातून खालच्या ऑडिटरांचा मोठा सुस्कारा ऐकू आला.